मदत हवी आहे: गॅस्ट्रिक बँडनंतर वजन अडलंय, आणि घासही

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आले, आज लिहायची वेळ आली. घरी विचारता येत नाही असा प्रश्न आहे.

मी फोंड्याजवळ राहते, वय ४३, नोकरी पणजीत. जानेवारीत मुंबईला जाऊन गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला. उंची पाच फूट दोन इंच, वजन तेव्हा १०४ किलो, शिवाय मधुमेहाची गोळी. सर्जन म्हणाले होते, हल्ली बँड फारसं कुणी घेत नाही, स्लीव्ह करा, म्हणजे जठराचा बराचसा भाग कापून काढून टाकतात ते. मीच अडून बसले की पोट कापायचं नाही, उद्या नको झालं तर काढता येईल असं काहीतरी द्या. (तेव्हा 'स्लीव्ह का नाही केलीत' हे कृपया विचारू नका. ते मी स्वतःला विचारून झालंय.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनची पोकळ कडी बसवतात. कडीच्या वर छोट्या लिंबाएवढी पिशवी उरते, ती भरली की पोट भरल्यासारखं वाटतं. कडीची नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका बटणाला, म्हणजे पोर्टला, जोडलेली असते. तिथून सुईनं सलाईन घातलं की कडी आवळते, काढलं की सैल होते. आमच्या भाषेत याला 'फिल घेणं' म्हणतात.

घरात खरं काय ते फक्त नवऱ्याला ठाऊक. सासूबाईंना सांगितलंय की पित्ताशयातले खडे काढले.

सुरुवातीचे महिने छान गेले. आधी नुसतं पातळ, मग गुरगुटी पेज, मग मऊ भात. उकड्या तांदळाची पेज आमच्याकडे सकाळी दहा-अकराला होतेच, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. पहिला फिल सहा आठवड्यांनी, ३ मिली. एप्रिलात आणखी दीड. मेच्या मध्यापर्यंत ९० वर आले, गोळी अर्धी झाली. तरी संध्याकाळी भूक लागायची म्हणून मेमध्ये मी मागून आणखी एक मिली घालून घेतलं. म्हणजे आता साडेपाच.

आणि तिथून गाडी अडली. दोन महिने झाले, काटा ९० आणि ९१ यांच्यामध्ये झोके घेतोय. जेवण मात्र पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. पाव तर गेलाच. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकला की जीव तुटतो, पण उंड्याचा एक तुकडा पोटात जायचं नाव घेत नाही. चपाती अडते. तव्यावरची इसवणाची (सुरमईची) तुकडी अडते. अडलं की आधी छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं होतं, मग तोंडात लाळ यायला लागते. साधी लाळ नव्हे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी चिकट तार, थांबतच नाही, रुमाल पुरत नाही. शेवटी मोरीकडे धाव. जे बाहेर येतं ते आंबटसुद्धा नसतं, घास जसाच्या तसा.

मेच्या शेवटी पुतण्याची मुंज होती. पंगतीत बसले, पानात भात, तोंडाक, खतखतं. भाताचा तिसरा घास अडला. शेजारी नणंद आग्रह करतेय, वरून वाढपी 'वयनी, आणि थोडें' म्हणतोय आणि मी ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवतेय. शेवटी मागीलदारी पळाले. धुण्याच्या दगडापाशी वाकलेली असताना मागे वळून बघते तर सासूबाई. एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उपास धरून देवळात गेल्या आणि माझ्या नावानं कौल लावून आल्या. उजवा कौल मिळाला म्हणे. त्यांना वाटतंय मला काहीतरी मोठं झालंय आणि आम्ही लपवतोय. लपवतोय हे खरंच आहे म्हणा.

तर विचारायचं ते असं. वजन हलत नाही म्हणजे बँड अजून घट्ट करायला हवा का? की माझंच काही चुकतंय? गोव्यात राहून तुम्ही फिल कुठं घेता, की प्रत्येक वेळी मुंबई? आणि पुढं श्रावण, मग चतुर्थी. कुटुंबाचं मूळ घर गावात आहे, पन्नास माणसं जमतात. नेवऱ्या, पातोळ्या आणि आग्रह. निभावायचं कसं?

प्रतिसाद

ताई, राग मानू नका, पण एवढी कापाकापी करण्यापेक्षा मनावर ताबा ठेवला असता तर? माझ्या मेहुण्यानं रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेऊन १२ किलो उतरवले.

धागाकर्ती

राग नाही. लिंबू-मध सोळा वर्षं घेतलं. लिंबाचं झाडच लावलंय अंगणात.

प्रतिसाद

मी मडगावचा, बँड २०११ पासून. तेव्हा याची चलती होती. ताई, एक सांगतो ते उलटं वाटेल: तुमचा बँड घट्ट करायला नको, सैल करायला हवा.

माझंही हेच झालं होतं. वजन थांबलं की आपण धावतो फिल घ्यायला. कडी प्रमाणाबाहेर आवळली की घट्ट अन्न जात नाही. मग माणूस जे जातं ते खायला लागतो. आणि काय जातं? जे घसरतं ते. आइस्क्रीम, खीर, शिरा, चॉकलेट, तोंडात विरघळणारी बिस्किटं. बँडला हे दिसतच नाही, सरळ खाली. माझ्या बाबतीत उर्राक होता, म्हणजे काजूची दारू, लिम्का घालून. त्यात दोन चुका, एक गॅसची, एक कॅलरींची. मार्च ते मे तीन महिन्यांत चार किलो वाढलो, आणि जेवत होतो म्हणाल तर चिमणीएवढं.

बँडचं काम घट्ट अन्नावरच चालतं. माशाचा, कडधान्याचा नीट चावलेला घास त्या वरच्या पिशवीवर थोडा वेळ रेंगाळला तरच भूक शमते. पेज प्यायली की तासाभरात पुन्हा भूक लागणारच.

आता खरं सांगा, दिवसभरात काय काय पोटात जातं? आणि रात्री आडवं झाल्यावर खोकला येतो का?

धागाकर्ती

दादा, तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात डोकावून गेलात का?

लिहिते. सकाळी काहीच जात नाही, फक्त चहा, त्यात बिस्किट बुडवून. एक म्हणता तीन. पेज. दुपारचा डबा ऑफिसात उघडायची भीती वाटते, म्हणून लिंबू सोडा किंवा लस्सी. संध्याकाळी तिझान, नाचणी पौष्टिक म्हणून, पण त्यात गूळ आणि नारळाचा रस आमच्या पद्धतीनं, हात न आखडता. मे महिनाभर माणकुराद. किती ते विचारू नका. डझन आणला की त्यातले चार माझे. बँडनंतर मला एकच गोष्ट पोटभर खाता येत होती आणि ती आंबा होती, तर मी काय करणार.

रात्री खोकला येतो. दोन उशा घेऊन झोपते. त्याचा बँडशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही, पावसाळा लागला म्हणून असेल असं वाटलं.

प्रतिसाद

मी शस्त्रक्रिया विभागात नर्स आहे. रात्रीचा खोकला, घशाशी येणं आणि घट्ट अन्न अडणं ही तिन्ही एकत्र असतील तर चतुर्थीची वाट बघू नका, याच आठवड्यात सर्जनना फोन करा. बहुतेक वेळा कडी जास्त आवळलेली असते आणि थोडं पाणी काढलं की भागतं. पण कधी कधी कडी जागेवरून सरकलेली असते, किंवा वरची पिशवी नाही तर अन्ननलिका फुगलेली असते. बेरियम पाजून एक्स-रे काढला की कळतं. वारंवार अडून बाहेर काढणं हे स्वतःच कडी सरकायला कारण होतं, त्यामुळे 'चालतंय तसं चालू दे' नको.

आणखी काही गोष्टी. ज्या दिवशी साधं पाणी किंवा स्वतःची लाळसुद्धा खाली जाणार नाही, त्या दिवशी फोनाफोनी करत बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी. पोटात जोरात आणि सतत दुखलं, ताप आला, पोर्टची जागा लाल झाली, तरीही तेच. दिवसेंदिवस उलट्या होत राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्याचा परिणाम मेंदूवर, नसांवर होतो, तेव्हा ते हलक्यात घेऊ नका.

पोर्टमध्ये साधी इंजेक्शनची सुई कुणालाही घालू देऊ नका. रबराला भोक पडतं आणि गळती सुरू होते. त्याला ह्युबर सुई लागते, केमोथेरपीच्या पोर्टला वापरतात तीच. तुमच्या बँडचा प्रकार, आत किती मिली आहे, पोर्ट कुठं आहे, हे सर्जनकडून एका कागदावर लिहून घ्या आणि पर्समध्ये ठेवा. गोव्यात ऐनवेळी कुठल्याही डॉक्टरसमोर बसलात तर तो कागदच बोलेल.

अंगदुखीची औषधं स्वतःच्या मनानं घेऊ नका, जठराला त्रास होतो. आणि जेवण असं बदललंय तर मधुमेहाच्या गोळीचा डोस डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

प्रतिसाद

मडगाववाला पुन्हा. खाण्याचं थोडं सांगतो, बाकी नर्सताईंनी वर सांगितलंच आहे.

घास तुरीच्या दाण्याएवढा. चमचा चहाचा घ्या, हातानं खाल्लं की घास मोठा होतोच. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. सकाळी बँड घट्टच असतो, बऱ्याच जणांना हा अनुभव आहे. तेव्हा कोमट पाणी, बिनसाखरेचा चहा, आणि पहिलं घट्ट जेवण दुपारी. मऊ पाव आत जाऊन पिठाचा गोळा होतो. मला कडक भाजलेलं काकण, म्हणजे बांगडीसारखा पाव, चालतं, चहात न बुडवता बारीक चावून, तेही अर्धं. रवा लावून भाजलेली इसवण कोरडी पडते, त्यापेक्षा हुमणातला (कालवणातला) बांगडा किंवा मुडदुशी, काटे काढून कुस्करलेली. आधी मासा, मग भाजी, भात उरलेल्या जागेत. जागा उरत नाहीच.

आणि नाक. माझं नाक गळायला लागलं की मी चमचा खाली ठेवतो. पुढचा एक घास घेतला की अडलाच म्हणून समजा. प्रत्येकाची खूण वेगळी, कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते. तुमची कुठली ते लक्ष ठेवून शोधा.

प्रतिसाद

माझी स्लीव्ह आहे, बँड नाही, पण प्रथिनांचं रडगाणं सारखंच. डाएटिशियननी दिवसाला ६० ग्रॅम सांगितलेत. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद आणि बंदी उठते न उठते तोवर श्रावण, घर शिवराक, म्हणजे शाकाहारी. मी मूग मोड काढून, शिजवून, घोटून घेते. घट्ट दही, पनीर कुस्करून, आणि पाण्यात कालवलेली प्रथिनांची पावडर. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गेले, आता परत येतायत. मल्टिव्हिटॅमिन चुकवू नका.

घरी सांगून टाका हो. मी चतुर्थीला सगळ्यांना 'अॅसिडिटी' सांगितलं तर प्रत्येक काकीनं स्वतःचा काढा आणून पाजला.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

उशिरा लिहितेय, माफ करा. नर्सताईंचा प्रतिसाद वाचून त्याच दिवशी फोन केला आणि कोकणकन्यानं मुंबई गाठली. बेरियमचा खडूसारखा घोट पडद्यावर बघितला. कडीपाशी येऊन थांबला आणि मग दोऱ्याएवढा खाली. कडी जागेवरच आहे, देवाची कृपा. वरची पिशवी थोडी फुगलीय. सर्जननी एक मिली काढलं आणि तिथंच पेलाभर पाणी प्यायला दिलं. घटाघटा गेलं. मी रडले, सर्जन कागद बघत बसले. दीड महिन्यांनी पुन्हा एक्स-रे, तोवर फिलचं नाव काढायचं नाही. कागद लिहून घेतलाय, पर्समध्ये आहे. आता सगळा पाठपुरावा मुंबईतच करायचा ठरवलंय, दोन महिन्यांतून एक फेरी परवडते.

खोकला चार दिवसांत थांबला. काटा ८८.४. लस्सी, सोडा, बिस्किटं बंद. तिझान आहे पण गूळ नावापुरता. आंब्यांचा हंगाम संपला म्हणून त्यात माझं कर्तृत्व काही नाही. माझी खूण उचकी आहे असं दिसतंय.

सासूबाईंना सांगितलं. स्वयंपाकघरात, त्या खोबरं किसत असताना. वाटलं होतं चिडतील. बराच वेळ किसतच राहिल्या, मग म्हणाल्या, 'दाखव बघू.' पोटाला डावीकडे कातडीखाली ते बटण लागतं, दहाच्या नाण्याएवढं. बोटानं दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, आणि विचारलं, 'हें काडपाचें कितें?' काढायचं नाही म्हटलं. मग दोन दिवस अबोला, पण तो ऑपरेशनबद्दल नव्हता, पित्ताशयाच्या थापेबद्दल होता. त्यांनी त्या खड्यांसाठी नवस बोलला होता. तो आता फेडायचा की नाही, यावर घरात चर्चा चालू आहे.

सध्या रोज सकाळी पेजेचं भांडं उतरवताना विचारतात, 'आज उगडें काय बंद?' आणि त्याप्रमाणे पेज पातळ की घट्ट ते ठरतं.

एक राहिलंच. उकड्या तांदळाचं शीत कुणाला नीट जातं का? मला सुरय (न उकडलेला तांदूळ) चालतो, उकडा अजून अडतो. किती शिट्ट्या देता?