शब्दचर्चा : उत्क्रांती-आधारित गणन जीवशास्त्राकडे परतते तेव्हा

प्रश्न :

जैवमाहितीशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपणे तयार करताना 'या औषधी रेणूचे गुणसूत्र तेरा जनुकांचे आहे' असे एक वाक्य लिहावे लागले. संदर्भ ऑटोडॉक या आज्ञावलीचा आहे. लहान रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल, हे ती जनुकीय अल्गोरिदम वापरून शोधते, म्हणजे अनेक उत्तरांतून चांगली निवडून, त्यांत फेरफार व अदलाबदल करत पिढ्यानपिढ्या अधिक चांगले उत्तर शोधते. ज्याला अल्गोरिदम ठाऊक आहे त्याला वाक्याचा अर्थ कळेल, परंतु जीवशास्त्राचा विद्यार्थी ते चूकच ठरवील, कारण रेणूला गुणसूत्र नसते. अशा ठिकाणी जीवशास्त्रातलेच शब्द ठेवावेत की निराळे योजावेत? तसेच 'जनुकीय अल्गोरिदम' आणि 'उत्क्रांती-आधारित गणन' हे शब्द एकाच अर्थाने वापरता येतील का?

प्रतिसाद १ :

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. 'उत्क्रांती-आधारित गणन' हे कुळाचे नाव आहे आणि जनुकीय अल्गोरिदम ही त्या कुळाची एक शाखा. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या शाखेची मांडणी केली आणि तिच्यात उत्तर हे चिन्हांच्या माळेच्या रूपात लिहिले जात असल्यामुळे गुणसूत्र व जनुक हे शब्द स्वाभाविकपणे आले. बर्लिनमध्ये इंगो रेशेनबर्ग आणि हान्स-पाउल श्वेफेल यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत मात्र जनक, संतती आणि उत्परिवर्तन यांवर भर होता. म्हणून हे दोन शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत.

पहिला प्रश्न अधिक खोल आहे. हीच पद्धत एखाद्या कारखान्याचे वेळापत्रक आखण्यासाठी वापरली तर 'जनुक' हा शब्द निर्धोक राहतो, कारण तिथे खरे जनुक कुठेच नसते. जीवशास्त्रातल्या प्रश्नांत मात्र ज्या प्रथिनाविषयी आपण बोलतो त्याचे स्वतःचे खरे जनुक असते, त्या जनुकात उत्परिवर्तन होऊन औषध निष्प्रभ ठरू शकते, आणि त्याच परिच्छेदात आज्ञावलीतल्या 'जनुका'चे 'उत्परिवर्तन' म्हणजे एखादा कोन बदलणे एवढाच अर्थ असतो. आपल्या उदाहरणातील तेरा 'जनुके' म्हणजे रेणूचे स्थान सांगणारे तीन आकडे, त्याची दिशा सांगणारे चार आकडे आणि फिरू शकणाऱ्या सहा बंधांचे सहा कोन. तेव्हा माझ्या मते वाक्य असे असावे : 'या रेणूची प्रत्येक संभाव्य मांडणी तेरा आकड्यांच्या माळेने दर्शवली जाते; जनुकीय अल्गोरिदमच्या परिभाषेत या माळेला गुणसूत्र म्हणतात.' एकदा असे सांगून झाले की पुढे 'माळ' आणि 'घटक' हेच शब्द वापरावेत व गुणसूत्र, जनुक हे शब्द खऱ्या गुणसूत्रांसाठी आणि खऱ्या जनुकांसाठी राखून ठेवावेत.

याच आज्ञावलीत आणखी एक शब्द आहे, आणि तो मात्र बदलू नये असे मला आग्रहाने वाटते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीतील पद्धतीला तिच्या कर्त्यांनीच 'लामार्कीय जनुकीय अल्गोरिदम' असे नाव दिले. प्रत्येक पिढीत काही मांडण्या निवडून आज्ञावली त्यांच्या आसपास थोडी चाचपणी करते, अधिक कमी ऊर्जेची, म्हणजे अधिक चांगली बसणारी मांडणी सापडली तर तिचे आकडे मूळ माळेत परत लिहिते आणि ही सुधारलेली माळ पुढच्या पिढीला वारशाने मिळते. आयुष्यात कमावलेला गुण संततीत उतरतो, ही लामार्कची कल्पना आनुवंशिकीने सजीवांच्या बाबतीत नाकारली. गणनात मात्र तिला कोणतीच आडकाठी नाही आणि ती उपयोगीही पडते. मराठीत 'सुधारित' असे गुळमुळीत विशेषण योजले तर विद्यार्थ्याला ही अत्यंत शिकवण्याजोगी गोष्ट कधीच कळणार नाही.

प्रतिसाद २ :

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र 'संकर' या शब्दाविषयी सावध करावेसे वाटते. दोन माळांचे तुकडे अदलाबदल करून नव्या माळा तयार करण्याच्या क्रियेला काही लेखनात 'संकर' म्हटलेले आढळते. मराठी वाचकाच्या मनात संकरित ज्वारी, संकरित गाय असा या शब्दाचा अर्थ पक्का आहे : दोन भिन्न वाणांपासून किंवा जातींपासून झालेली संतती. अल्गोरिदममधली क्रिया त्याहून निराळी असून अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी जोडीतल्या गुणसूत्रांचे खंड एकमेकांत बदलतात तिच्याशी तिचे साम्य आहे. 'खंडविनिमय' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

'उत्क्रांती' या शब्दाबद्दलही एक निरीक्षण नोंदवतो. त्यातल्या 'उत्' या उपसर्गामुळे वर चढण्याची, प्रगतीची छटा येते, आणि जीवशास्त्राचे शिक्षक ती छटा पुसण्यासाठी बरेच श्रम घेतात, कारण सजीवांच्या उत्क्रांतीला ध्येय नसते. अल्गोरिदमला मात्र ध्येय असते. प्रत्येक पिढीतले सर्वोत्तम उत्तर जसेच्या तसे पुढे नेण्याचा नियम ठेवला, तर सर्वोत्तम गुणांक कधीच घसरत नाही. त्यामुळे हा शब्द मूळ विषयापेक्षा उसन्या विषयातच अधिक चपखल बसतो. त्याच कारणाने 'नैसर्गिक निवड' असे न लिहिता केवळ 'निवड' लिहावे. बियाण्यासाठी चांगली कणसे राखून ठेवणारा शेतकरी जी निवड करतो, तिच्याशीच या निवडीचे नाते आहे.

प्रश्नकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. एखादे उत्तर किती चांगले हे सांगणाऱ्या आकड्यासाठी 'तंदुरुस्ती मूल्य' हा शब्दप्रयोगही मी केला होता. तो बदलावा का? आणि उत्क्रांतिवृक्ष, म्हणजे जीवजातींचे परस्पर नाते दाखवणारे वृक्ष, शोधण्याच्या पाठात काय करावे?

प्रतिसाद १ :

'तंदुरुस्ती' अवश्य काढावा, कारण तो शरीराच्या आरोग्याचा शब्द आहे. 'योग्यता' चालेल, पण डॉकिंगमध्ये, म्हणजे रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून पाहण्यात, ऊर्जा जितकी कमी तितकी योग्यता अधिक, हे तिथल्या तिथे सांगितले पाहिजे.

उत्क्रांतिवृक्षांच्या पाठात अडचण सर्वांत मोठी आहे. केवळ दहा जीवजातींसाठी मूळ न दर्शवलेले, दुभंगत जाणारे २०,२७,०२५ वृक्ष संभवतात, आणि जाती वीस झाल्या की ही संख्या २ वर २० शून्ये देऊन होणाऱ्या संख्येच्याही पुढे जाते. सगळे वृक्ष तपासणे अशक्य असल्यामुळेच १९९० च्या दशकात इथे जनुकीय अल्गोरिदम आले. यात एकेक वृक्ष हाच 'जीव', वृक्षांच्या 'पिढ्या', आणि त्या वृक्षांच्या आतही खऱ्या जीवांच्या लक्षावधी पिढ्या. इथे 'पूर्वज' हा शब्द वृक्षातल्या गाठीसाठीच राखावा, अल्गोरिदमच्या बाजूला 'आधीच्या फेरीतील वृक्ष' म्हणावे आणि 'पिढी'ऐवजी 'फेरी' लिहावे. वृक्षाचे 'उत्परिवर्तन' म्हणजे प्रत्यक्षात एक उपशाखा छाटून दुसऱ्या फांदीवर जोडणे किंवा फांद्यांच्या लांबीत बदल करणे. त्याला सरळ 'छाटणी आणि कलम' म्हणावे, म्हणजे डीएनएच्या क्रमातले खरे उत्परिवर्तन, ज्याच्या आधारे हे सारे वृक्ष जोखले जातात, त्याच्याशी गल्लत होणार नाही.