मदत हवी आहे: शिडाच्या बोटीतली झुलती गॅस शेगडी भरलं पातेलं ठेवलं की उलटते

नमस्कार मंडळी, जळगावात बसून शिडाच्या बोटीचं विचारतोय म्हणून हसू नका. माझं एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, गेट, ग्रिल, ट्रॉलीच्या बॉडी हेच आपलं काम. आतेभाऊ मर्चंट नेव्हीतून रिटायर झाला आणि त्याने सेकंडहॅन्ड २६ फुटी बोट घेतली, ती असते तिकडे मांडव्याला. केबिनमध्ये त्याला दोन बर्नरची शेगडी पाहिजे, आणि बोटीसाठीची तयार शेगडी महाग पडते म्हणून दादा म्हणे तू घरगुतीच घे आणि तिला पाळणा करून दे.

पाळणा म्हणजे असं की वाऱ्यावर बोट एका अंगाला कलते, २०-२५ अंश सहज, आणि तासन्‌तास तशीच चालते, तर शेगडी दोन बाजूंनी पिनांवर टांगायची, बोट कलली तरी ती आपली सपाट. मी डाव्या-उजव्या बाजूला बॉडीच्या बरोबर मधोमध १२ एमएमच्या पिना दिल्या, नायलॉन बुश टाकले, बाहेरून अँगलची फ्रेम. रिकामी शेगडी मस्त झुलली. मग ५ लिटर पाण्याचं पातेलं ठेवून फ्रेम जराशी कलवली तर अख्खी शेगडी कोलांटी मारून पाणी माझ्या बुटात, नशीब थंड होतं. शेजारचा लेथवाला बघतच होता, "हाई काय करी ऱ्हायना रे भो?"

तर खाली प्लेट मारून वजन वाढवू का? दादा म्हणतो वजन नको. दुसरं, ५ किलोचं सिलिंडर तो सिंकखालच्या कपाटात ठेवणार आहे, खिडकी उघडी ठेवू म्हणतो, मला ते काही पटत नाहीये. आणि पट्टी ३०४ स्टीलची वापरलीय, पडून होती, चालेल ना?

प्रतिसाद
मी मूळचा अमळनेरचा, आता गोव्यात सेलिंग करतो. वजन वाढवायच्या आधी पिना वर घ्या भाऊ. हिशोब बघा, भरलं पातेलं धरा ६ किलो, त्याचं वजन जाळीच्या साधारण १० सेंमी वर. तुमच्या पिना जाळीच्या ५ सेंमी खाली, म्हणजे पिनेपासून १५ सेंमी वर ६ किलो, आणि त्याला धरून ठेवायला शेगडीचे ६ किलो पिनेखाली जेमतेम १ सेंमी. उलटणारच की. बाजूला दोन उभे हात वेल्ड करून पिना जाळीच्या ८ सेंमी वर न्या, पातेलं पिनेपासून २ सेंमी वर राहील आणि शेगडी १४ सेंमी खाली. वरून बघितलं तर पिनेची रेघ दोन्ही बर्नरच्या मध्यबिंदूंवरून गेली पाहिजे. पाठीमागे निदान १० सेंमी मोकळं सोडा नाहीतर झुलताना भिंतीला ठोकेल, आणि गॅसच्या पाईपला सैल वळण द्या. किनाऱ्यावर असताना झुलू नये म्हणून एक लॉकची पिन.

सिलिंडर केबिनमध्ये अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, घरात गळला तर दाराखालून थोडा तरी बाहेर जातो, बोट म्हणजे टब, तो तळाशी जाऊन साठतो आणि वरची खिडकी उघडी ठेवून काही फरक पडत नाही. मग इंजिनच्या स्टार्टरची एक ठिणगी पुरे. डेकवर पेटी करा, फक्त वरून उघडणारी, केबिनच्या बाजूने हवाबंद, तळाला अर्ध्या इंचाचं भोक आणि त्याचा पाईप पाण्याच्या रेषेच्या वर बाहेर काढा. स्वयंपाक झाला की सिलिंडरचाच नॉब बंद. घरगुती शेगडीत ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होत नाही बहुतेक, तसा सेफ्टी वॉल्व्ह असलेलीच घ्या, इथे पैसे वाचवू नका. ३०४ खाऱ्या हवेत डागाळतं, निदान पिना तरी ३१६ स्टीलच्या करा, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं.

धागाकर्ता
भो, जमलं! हात वर घेतले, वजन काहीच वाढवलं नाही, ३० अंशापर्यंत पाणी हललं पण सांडलं नाही, लेथवाल्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. फक्त पातेलं जाळीवरून सरकतं, त्याला चारी बाजूंनी कठडा करतोय आणि दोन सरकत्या पट्ट्या, पातेलं त्यात पकडायचं. वॉल्व्हवाली शेगडी बघायला उद्या जातो, पिना नव्याने करून घ्यायला लेथवाल्याकडेच जावं लागणार. दादाला फोन केला, सिंकखालचं कपाट भांड्यांना ठेव म्हटलं, तर आधी चिडला, मग विचारतो पेटी कधी देतोस, बोटीवर वांग्याचं भरीत करायचंय. कपाशीच्या काड्यांचा जाळ मात्र तिथे मिळायचा नाही, गॅसवरच भाज म्हटलं.

पेटीला स्टील घेऊ का फायबर, कोणी केली असेल तर सांगा.