मदत हवी आहे: पुस्तकाचा आयएसबीएन (आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) 'अवैध' दाखवतोय. अर्जंट!

रामबाग_वाला: नमस्कार मंडळी. आत्याचं पुस्तक आहे. ऑनलाइन विक्रीला टाकायला गेलो तर नंबर घेतच नाही, 'अवैध' म्हणतंय. तीनदा टाकून बघितला. 20 तारखेला इंदुरात प्रकाशन आहे. काय करायचं ते पटकन सांगा.

खिळेजुळारी: नंबर कोणी काढला? प्रकाशक कोण? काहीच लिहिलं नाहीत तर काय सांगणार?

रामबाग_वाला: प्रकाशक असं कोणी नाही, आम्हीच. नंबर प्रेसवाल्याने दिला. 3000 घेतले त्याचे.

पेठेतला_वाचक: तीन हजार?! अहो, भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते. ऑनलाइन अर्ज असतो, लेखक स्वतःच्या नावावरही मागू शकतो.

डिजिटल_दादा: मुळात एवढा खटाटोप कशाला? मी माझा कवितासंग्रह डिजिटल छपाईवर 60 प्रतींचा काढला. संपल्या की परत 20. घरात गठ्ठे नाहीत, बायको खूश.

खिळेजुळारी: कवितासंग्रह म्हणजे किती, 4 फॉर्म, 64 पानं? दोनशे पानी गद्य डिजिटलवर काढून बघा, प्रत केवढ्याला पडते ते. ऑफसेट छपाईला पानांच्या प्लेट करायचा खर्च एकदाच. प्रती वाढल्या की दर उतरतो.

डिजिटल_दादा: दर उतरतो हो, पण खपवणार कोण? माझ्या आधीच्या पुस्तकाला दुकानदाराने 40 टक्के कापले, सहा महिने पैसे नाहीत, आणि मग निम्मा गठ्ठा परत.

माळव्यातला_मी: इंदूरला साहित्य संमेलन 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा झालंय. एक प्रत तिथल्या महाराष्ट्र साहित्य सभेला जरूर द्या. आणि मुखपृष्ठावर 'इंदौर' छापू नका, मराठीत 'इंदूर'.

रामबाग_वाला: काका, मुखपृष्ठ झालंय छापून. नंबरचं बोला ना कोणी!

गणिताच्या_बाई: नंबर इथे टाकू नका. 13 आकडे एका ओळीत लिहा. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक जसेच्या तसे धरा, मधले सगळे तिपटीने. बेरजेच्या शेवटी शून्य यायला हवं.

रामबाग_वाला: 127 येतेय. दोनदा केली.

गणिताच्या_बाई: मग तो आयएसबीएनच नाही. शेवटचा आकडा याच हिशेबाने ठरतो. एक तर छापताना चुकलाय, नाहीतर मनाने लिहिलाय.

पेठेतला_वाचक: खोटा निघाला ते एका परीने बरं. दुसऱ्याचा खरा नंबर लावला असता तर पुस्तक त्याच्या खात्यावर गेलं असतं, कारण मधले आकडे प्रकाशकाची ओळख असतात. आजच स्वतः अर्ज टाका. 20 च्या आत मिळेल असं धरून चालू नका. समारंभ नंबराशिवायही होतो, कायदा आडवा येत नाही. कायदा आहे तो वेगळा, 1954 चा: प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची. घरगुती प्रकाशकही त्यातून सुटत नाही.

पोस्टाची_पेटी: प्रती ज्ञान पोस्टने पाठवा. पोस्टाची ही पुस्तकांसाठीची सेवा मे 2025 पासून सुरू झालीये. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव मात्र हवं.

रामबाग_वाला: नाव आहे. आत 'प्रकाशक' म्हणून प्रेसवाल्याचंच टाकलंय त्याने.

खिळेजुळारी: थांबा. प्रकाशक तुम्हीच म्हणालात ना? आणि 'टाकलंय' म्हणजे? आतली पानंही छापून झालीत?

रामबाग_वाला: हो. 500 प्रती परवाच घरी आल्या. नंबर मागच्या कव्हरवर आहे, बारकोडसकट.

खिळेजुळारी: अरे भिया! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. अर्जात प्रकाशक आत्या आणि पुस्तकात प्रेसवाला, हे जमायचं नाही. नवा नंबर आला की कव्हरवर स्टिकर. आतलं ते पान मुळाशी थोडी पट्टी ठेवून कापायचं आणि नवं पान त्या पट्टीवर चिकटवायचं. 500 वेळा. खर्च प्रेसवाल्याच्या माथी मारा.

डिजिटल_दादा: 60 प्रती असत्या तर एका दुपारचं काम होतं.

रामबाग_वाला: दादा, आत्ता नको. आत्याला अजून काहीच सांगितलेलं नाही. त्या पानाच्या पुढच्या बाजूला पुस्तकाचं आणि तिचं नाव आहे, मोठ्या अक्षरात. तेही कापलं जाणार?

खिळेजुळारी: जाणार. पान पाठपोट नवं छापून घ्या. कागद त्याच शेडचा आणि तेवढ्याच जीएसएमचा (वजनाचा) मागा, नाहीतर ठिगळ लांबून दिसतं.