पंधरा टक्के नेमके कशाचे?

शाईडाग: मधमाश्यांवरच्या माझ्या पुस्तकाची तीन प्रकरणं झाली आहेत. एक लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक गाठून करार ठरवणारी मध्यस्थ, ते घ्यायला तयार आहे. तिचं कमिशन देशातल्या कमाईवर १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर २०. मला हे जड जातंय. कादंबरीसारखं पूर्ण हस्तलिखित कथेतर पुस्तकाला आधी लागत नाही. प्रस्ताव, प्रकरणांची रूपरेषा आणि एखाद-दुसरं नमुना प्रकरण एवढ्यावर प्रकाशक ठरवतो. ते सगळं लिहिणार मी. मग नुसत्या ईमेली पाठवायचे पंधरा टक्के?

तळटीप: ईमेलचे नाहीत हो, खोडरबराचे. माझ्या पहिल्या करारात ऑडिओ, अनुवाद, चित्रपट, सगळे हक्क एका ओळीत प्रकाशकाकडे जात होते. ती ओळ मी वाचली होती, खटकली मात्र नाही. एजंटबाईंनी त्यातला 'अनुवाद' खोडला. पुढे दोन भाषांत हक्क विकले गेले, दर शंभरातले ८० माझ्याकडे आले. मूळ करारात निम्मेच होते. 'पुढचं पुस्तक आधी आम्हालाच दाखवायचं' हे कलमही त्यांनीच सैल करून घेतलं.

कोरापान: साफ असहमत. खोडायचंच असेल तर प्रकाशन करार जाणणारा वकील एकदाच फी घेतो. एजंटचा वाटा तो करार जिवंत असेपर्यंत चालू राहतो, तुमचं-त्याचं पटेनासं झालं तरी. शिवाय विद्यापीठांची प्रकाशनं आणि बरेच छोटे प्रकाशक प्रस्ताव थेट वाचतात.

माझा प्रस्ताव एका एजंटने चौदा महिने फिरवला. सहा नकार आले, तेही मी मागितले तेव्हा कळले. खरं नुकसान त्यानंतर झालं. दुसरी एजंट म्हणाली, "ही सहा दारं आता बंद. एकदा नाकारलेलं पुन्हा कोण वाचतं?"

तळटीप: म्हणजे एजंट वाईट निघाला. त्यावरून एजंटच नको, असं कसं?

कोरापान: चांगला-वाईट कळतो सही केल्यावर, हीच तर अडचण आहे.

जुनीप्रत: भांडण जुनंच आहे. ए. पी. वॉट यांनी लंडनमध्ये १८७५ च्या सुमारास हा धंदा सुरू केला, तेव्हा कमिशन १० टक्के होतं. १८९३ मध्ये प्रकाशक विल्यम हाइनमन यांनी एजंटांना जाहीरपणे परोपजीवी म्हटलं. प्रकाशकाला एवढा राग का आला असेल, याचा लेखकांनी विचार करावा. एक मात्र पाहा, 'वाचनाची फी' मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पुस्तक विकलं तरच एजंटला पैसे.

शाईडाग: काल एजंटकडून प्रस्ताव शेरे मारून परत आला. 'तुलनेची पुस्तकं' या भागात मी ऐटीत लिहिलं होतं, 'असं पुस्तक आजवर झालेलं नाही.' समासात तिचा शेरा: 'मग दुकानदाराने हे ठेवायचं कुठल्या फळीवर?' गप्प बसलो.

कोरापान: हे संपादकही विचारतो. फुकट.

तळटीप: संपादकापर्यंत पोचलात तर.

शाईडाग: बरं, सही करायचं ठरतंय. पण कोरापान यांचे चौदा महिने डोक्यातून जात नाहीत. कुठल्या प्रकाशकाकडे कधी पाठवलं याची यादी दर महिन्याला मिळावी, असं लेखी मागू का? आणि वेगळं व्हायची नोटीस ३० दिवसांची ठेवावी की ६०?