मदत हवी आहे: लंडन, वँडल नदीवरची फिरती पाणचक्की नक्की कुठे?

रानवाट: लगेच सांगा प्लीज, शनिवारी जायचंय. मागच्या रविवारी वँड्सवर्थहून नदीकाठाने निघालो, पण अर्ल्सफील्डजवळ नदीच गायब, नुसता ट्रॅफिकचा रस्ता, बाबा वैतागले आणि परत आलो. पुढे कसं जायचं?

टेम्सकाठ: पुढे म्हणजे कुठे? बाबांना किती चालवतं? बरोबर लहान मुलं आहेत का? अर्ल्सफील्डला काठाने वाटच नाही, गॅरट लेनने वळसा घालावा लागतो, तुम्ही चुकला नाहीत.

भटक्या_क्रॉयडन: उलटं करा. उगमाकडच्या कारशाल्टनच्या तळ्यांपासून सुरू करा, तिथे खडूच्या दगडातून झिरपलेलं पाणी वर येतं, तळ इतका स्वच्छ की खडे मोजावेत. मग विल्डरनेस आयलंड, नदीचे दोन फाटे मिळतात ते राखीव रान. 1960 च्या दशकात हीच नदी गटार झाली होती, आता ट्राऊट मासे परत आलेत. मी तर दर महिन्याला जातो.

रानवाट: मासे-रान नको हो, चाक हवंय! बाबा संभाजीनगरचे, पाणचक्कीच्या अंगणात खेळून मोठे झालेत. गुडघा दुखतो, 2 किलोमीटरच्या वर नाही. (हे आधी लिहायला हवं होतं.)

सूतकताई: मग मॉर्डन हॉल पार्क. तपकिरीच्या गिरण्या आहेत तिथे, 1922 पर्यंत तंबाखू दळायचे.

टेम्सकाठ: अहो पण आता दळत नाहीत ना. फिरतं चाक हवं तर मर्टन ॲबी मिल्स, तिथेच कापडांची नक्षी काढणाऱ्या विल्यम मॉरिसने 1881 साली कारखाना काढला, नीळ वापरून कापड रंगवायचा.

सूतकताई: मॉरिसचा कारखाना थोडा खालच्या अंगाला होता. आत्ता चाक आहे ती जागा लंडनच्या लिबर्टी दुकानाच्या कापडछपाईची. छापलेलं रेशीम नदीत खळबळून धुवायचे, ते ज्यावर गुंडाळायचे ते रूळ हे चाक फिरवायचं. पीठ नाही, बाबांना आधीच सांगा.

रूळप्रेमी: मिचमकडे ट्राम धावते ना, त्यातल्या एका तुकड्यावर 1803 साली घोडे गाड्या ओढायचे ती सरे आयर्न रेल्वे होती!

टेम्सकाठ: रूळप्रेमी, वेगळा धागा काढा, मी वाचेन.

भटक्या_क्रॉयडन: बरं, चाकच हवं तर ट्रामने फिप्स ब्रिजला उतरा, मॉर्डन हॉलमध्ये लाकडी पुलावरून बोरूच्या बेटांतून जरा चाला, बाकांवर बसत बसत डीन सिटी फार्मवरून मर्टन ॲबीला. सगळं सपाट आहे, दोनेक किलोमीटर होईल. शनिवारी चाक चालू असतं का ते मात्र फोन करून विचारा.

रानवाट: बाबांनी आत्ता विचारलं, पाणी चाकाच्या वरून पडतं की खालून ढकलतं?

सूतकताई: खालून.

रानवाट: मग जातोच म्हणाले.