शब्दचर्चा: ‘रीजनल ब्लॉक’ला मराठीत काय म्हणावं?

मांडवी_अनुवाद: दुर्बिणीतून आतड्याचं ऑपरेशन होणाऱ्या पेशंटसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘रीजनल ब्लॉक’ला, म्हणजे शरीराचा ठरावीक भाग बधिर करणाऱ्या इंजेक्शनला, मसुद्यात ‘प्रादेशिक भूल’ आहे. वाचून प्रांत आठवतो. दुसरं काय लिहू?

अलकापुरी_भूलतज्ज्ञ: ताई, ‘भूल’ नकोच. भूल म्हटलं की लोकांना शुद्ध हरपणं कळतं. हा ब्लॉक पूर्ण भुलीच्या जोडीला, नंतरच्या दुखण्यासाठी देतात. ‘पोट बधिर करणे’ त्याहून फसवं. टॅप ब्लॉक या त्याच्या प्रकारात सोनोग्राफीवर सुई बघत पोटाच्या कडेला, सर्वांत आतल्या दोन स्नायूंच्या मधल्या पदरात औषध सोडतात. त्यानं पोटाची भिंत बधिरते, आतडं नाही. टाक्यांचा ठणका थांबतो, मुरडा राहतो, आणि पेशंट म्हणतो ब्लॉक लागलाच नाही.

दांडियाबाजार: मुरडा आव पडताना येतो. इथे ‘कळ’ हवं.

रावपुरा_७: कळ दाढेतही येते. बडोद्यात मराठी घरांतही सर्रास ‘चूंक’ म्हणतात, तेच लिहा.

दांडियाबाजार: चूंक गुजराती आहे. ज्या बडोद्यानं 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढला, तिथे मराठी शब्द मिळू नये?

रावपुरा_७: तो कारभाराचा कोश, काका. इथे वाचणारा खाटेवर आहे.

मांडवी_अनुवाद: कमरेतल्या इंजेक्शनचं काय लिहू?

अलकापुरी_भूलतज्ज्ञ: ‘मणक्यातलं इंजेक्शन’. त्यात 100 ते 150 मायक्रोग्रॅम मॉर्फिन घातलं तर आतली कळही बरीच दबते. पण खाज सुटते, लघवी अडू शकते, आणि 24 तास श्वासावर लक्ष ठेवावं लागतं. एपिड्युरलची नळी (पाठीत ठेवून तिच्यातून औषध देत राहतात) वेगळी: तिनं बीपी उतरतं, पाय जड होतात, चालणं लांबतं. म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनला ती सहसा टाळतात.

एक ओळ मात्र ठळक हवी: ‘ओठांभोवती बधिरपणा, कानात गुणगुण वाटली तर लगेच सांगा.’ ती बधिर करणारं औषध रक्तात जास्त झाल्याची खूण. ब्युपिव्हाकेन या ब्लॉकमधल्या औषधाची मर्यादा वजनाच्या किलोमागे 2 मिलिग्रॅम. 0.25 टक्क्याचं 20 मिली दोन्ही बाजूंना दिलं की 100 मिलिग्रॅम झालं, म्हणजे 50 किलोच्या माणसाचा कोटा संपला. वर सर्जननं छिद्रांपाशी तेच टोचलं तर जास्त होतं.

रावपुरा_७: खांदा दुखतो त्याला?

अलकापुरी_भूलतज्ज्ञ: तो पोटात भरलेल्या गॅसमुळे. श्वासपटल आणि खांदा यांच्या नसा मानेत एकाच पातळीवरून निघतात. टॅप ब्लॉक तिथे पोचत नाही.

दांडियाबाजार: ‘श्वासपटल’ का? ‘मध्यपटल’ असा रुळलेला शब्द आहे.

मांडवी_अनुवाद: आणि ब्लॉकला?

रावपुरा_७: ‘ब्लॉक’च. वॉर्डात नर्स तेच म्हणते.

दांडियाबाजार: ‘नस बधिर करणे’ लिहा. चूंक मात्र नको.