मृत्युपत्रातून लेकीला वगळायची मुभा असावी का?

बांद्याचा पूल
सिंधुदुर्गात एखादा हिंदू बाप स्वतःच्या मालकीचं घर-आगर मृत्युपत्राने एकाच मुलाला देऊ शकतो. लेकीला एक माडही दिला नाही तरी कायदा आडवा येत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणीचीही सक्ती नाही. 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी भावाच्या बरोबरीने हिस्सेदार आहे, पण बापाचा स्वतःचा हिस्सा तिच्या हातून जाऊ शकतोच.

बांदा ओलांडून पेडण्यात गेलात की हे चालत नाही. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून ‘लेजितिमा’ आहे. अर्धी मिळकत मुलांसाठी राखीव, मृत्युपत्र चालतं ते उरलेल्या अर्ध्यावर. 2012 च्या नव्या कायद्यानेही हे तत्त्व ठेवलंय. अख्ख्या कोकणाला हाच नियम हवा.

आगरवाली
साफ विरोध. वडिलांनी घर माझ्या नावे लिहून ठेवलं म्हणूनच मी आज त्या घरात आहे. भाऊ मुंबईला. वडिलांचं आजारपण, माडांचं शिंपणं, घराची शाकारणी, सगळं मी केलं. मृत्युपत्रात त्यांनी भावांसाठी गणपतीचे पाच दिवस माजघर आणि विहिरीचं पाणी एवढंच राखलं, तेही नीट कलम घालून. तुमचा नियम असता तर माझ्या वडिलांना हे लिहिताच आलं नसतं.

बांद्याचा पूल
ताई, हिशेब करून बघा. तुम्ही तीन भावंडं धरू. मोकळी अर्धी वडील तुम्हाला देऊ शकले असते, शिवाय राखीव अर्ध्यातला तिसरा हिस्सा तुमचाच. म्हणजे दोन तृतीयांश. सेवा करणाऱ्याला जास्त द्यायला तिथेही वाव आहे. एखाद्या लेकराला शून्यावर आणायला नाही.

आगरवाली
आणि राहिलेल्या तिसऱ्या हिश्श्यासाठी मी पडवी कापून देऊ?

राजिवड्याकडचा
आमच्या मुसलमानांत एक तृतीयांशापेक्षा जास्त वसीयत वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. तरी लोक वाट काढतात, हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करून टाकतात. हिंदूंनाही बक्षीसपत्र आहेच. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुलाला बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. नुसत्या मृत्युपत्राला लगाम घालून लेकीला काही मिळणार नाही. गोव्यात हयातीत दिलेली बक्षिसं वाटणीच्या वेळी हिशेबात धरतात. नियम आणायचा तर हेही आणा, नाहीतर राहू द्या.

बांद्याचा पूल
मान्य, दोन्ही एकत्रच हवं.

गुंठ्याचा धनी
आगरं किती मोठी असतात हो आपली? काही गुंठे. पाच जणांत वाटली की शिंपणाला माणूस कोण ठेवणार? आत्ताच एकेका सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत एक पिढी जाते. बापाने एकाला निवडलं तर निदान बाग जगते.

बांद्याचा पूल
त्यासाठी आगर तोडावं लागत नाही. गोव्यात वाटणीच्या कामात वारसांना आपसांत बोली लावता येते. एकाने मिळकत घ्यायची, बाकीच्यांना पैसे द्यायचे. पडवी अखंड राहते, बहिणीलाही तिचं मिळतं.

आगरवाली
बोलीत मी टिकणार नाही. पैसा मुंबईच्या भावांकडे, माझ्याकडे सुपारीचं उत्पन्न. घर त्यांच्याकडेच जाईल आणि वर्षभर कुलूप राहील. राहत्या वारसाला आधी हक्क आणि पैसे फेडायला काही वर्षांची मुदत, एवढं त्यात लिहिणार असाल तर मी विरोध सोडते.